केरबाची जबानी

केरबा आयुष्यात फार खोटं बोलला नव्हता. खोटं बोलायला समोर कुणीतरी विचारणारं लागतं, आणि केरबाला पंचावन्न वर्षांत कुणी फारसं काही विचारलंच नव्हतं. सकाळी व्यंकटराव मालकाच्या केळीत शिरायचं, पाणी फिरवायचं, बुंध्याशी फुटलेले पील कापायचे, गाडी आली की घड उतरवायचे, आणि अंधार पडला की रानातल्याच दोन खोल्यांत येऊन पडायचं. त्यात खोट्याला जागा कुठली? म्हणून बोलायची वेळ आली तेव्हा सवय नसलेल्या माणसासारखा तो एकदम मोठं बोलून बसला.

अर्धापूरपासून दोन कोसांवर मालकाची केळी. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं लिंबाचं झाड, आणि दारापासून थेट केळीच केळी. नवीन माणसाला वाटावं, काय हे ऐश्वर्य. पावसाळ्याच्या तोंडाला देवणीहून पाहुणे घर बघायला आले, त्यांनाही तसंच वाटलं. केरबाचा थोरला, आनंदराज, एकोणतीस ओलांडून गेला होता. तीन स्थळं येऊन गेली होती. तिन्ही वेळा 'पोरगा काय करतो' इथपर्यंत बोलणं नीट चालायचं, आणि 'दुसऱ्याची पिकअप चालवतो' म्हटलं की पाहुण्यांना घरची जनावरं आठवायची. या खेपेला केरबानं ठरवूनच टाकलं होतं की पाहुण्यांना जनावरं आठवू द्यायची नाहीत.

मुलीचा बाप शेषेराव एका शाळेत शिपाई होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं तोलून. मुलगी राजकन्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. एवढं चांगलं स्थळ केरबाच्या दारात येऊन बाजेवर बसलं होतं.

"ही केळी?" शेषेरावांनी विचारलं.

"आपलीच," केरबा म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "म्हंजे, ठोक्यानं, मालकाला खंड देऊन केली हाय."

"आन् ती दारातली पिकअप?"

"पोराची हाय."

आनंदराज तिथंच उभा होता. त्यानं बापाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. आत बायकोचा, नागुबाईचा, भाकरी थापणारा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं आनंदराजला थंडा आणायला अर्धापूरला पिटाळलं. तो गेला आणि इकडं बांधावरून लखन कोतवाल येताना दिसला. त्याच्यामागं साडी चिखलापासून सावरत एक तरुण बाई. ही नवी तलाठी. सरकारनं आता या पदाचं नाव बदललंय म्हणे, पण गाव तलाठीच म्हणतं. नाव गीतांजली.

"केरबा तुम्हीच का?" ती म्हणाली. "तुमच्या मुलीनं उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज केलाय. चौकशीला आलेय."

केरबाची धाकटी, बुद्धप्रिया, नांदेडला विद्यापीठात एम.ए. करून पुढं पीएच.डी.ला लागली होती. मागासवर्गातल्या पोरांना संशोधनासाठी मिळते त्या फेलोशिपचा तिनं अर्ज भरला होता आणि त्याला चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला लागत होता. हे केरबाला माहीत होतं. पण आजवरचा तलाठी कधी रानात येत नसे. तो तालुक्याला बसूनच आकडा टाकायचा. केरबानं तीस वर्षांत असे दहा-बारा दाखले काढले असतील. एकाही तलाठ्यानं त्याला तोंडानं आकडा विचारला नव्हता. एकदा त्यानं आपणहून सांगायला तोंड उघडलं, तर तलाठी म्हणाला होता, 'तू अंगठा कर, बाकी आम्ही बघतो.' सहीसुद्धा करता येते हे सांगायची त्याला सवड मिळाली नव्हती.

गीतांजलीनं मांडीवर वही ठेवली. "शेती किती?"

केरबानं शेषेरावांकडं पाहिलं. शेषेराव कौतुकानं ऐकत होते. केरबानं तिला दहा पावलं बाजूला नेलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण पाहुण्यांपुढं सरकारी बाईला कोपऱ्यात नेणारा माणूस कसा दिसेल, याचाच विचार त्याच्या डोक्यात आला.

"सोताची न्हाई. ठोक्यानं हाय. दोन एकर केळी."

"ठोक्याचा कागद?"

"तोंडीच असतंय आमच्याकडं."

"वाहन?"

"पिकअप हाय."

"वर्षाचं मिळून सगळं किती धरू?"

शेषेरावांनी पाय वर घेऊन नीट मांडी घातली. केरबाच्या तोंडून निघून गेलं, "नऊ-साडेनऊ लाख तरी होतंय बगा."

गीतांजलीनं वर पाहिलं. केरबाच्या बंडीवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. बागायतदाराच्या बंडीवरही ते असतात. तिनं लिहिलं, वाचून दाखवलं आणि म्हणाली, "दोन पंचांच्या सह्या लागतील." एक लखननं केली. दुसऱ्यासाठी शेषेरावांनी खिशातलं पेन काढलं, कागद आधी सगळा वाचला, आणि ठळक अक्षरांत दस्तखत केलं. "बगितलेलं, ऐकलेलं हाय. सही द्यायला काय जातंय," ते म्हणाले.

बाई निघाली तसा केरबा बांधापर्यंत गेला आणि लखनच्या कानाला लागला. "लखन, मॅडमला सांग बाबा, नेहमीचंच लिवा म्हणावं. पाव्हण्यांपुढं आपलं बोल्लो."

"हाव हाव," लखन म्हणाला.

एवढ्यावर केरबाचं समाधान झालं. आकडा तलाठी लिहितो, आपण नुसतं तोंड हलवतो, असंच तो धरून चालला होता. संध्याकाळी पाहुण्यांचा निरोप आला की स्थळ पसंत आहे, तीन आठवड्यांनी बैठक बसवू.

पुढं केळीच्या तोडीचे दिवस सुरू झाले. दिवसाआड गाडी. पायाखाली पोटरीएवढा चिखल, वर पानांचं छत, आत वारा नाही. केरबा कोयत्यानं खोडाला अर्धा काप द्यायचा, खोड हळूहळू झुकायचं, खाली गाडी लावून आलेला आनंदराज खांद्यावर गोणपाटाची घडी ठेवून उभा असायचा. घड खांद्यावर टेकला की केरबा वरचा दांडा तोडायचा. मग तीसेक किलोचा घड घेऊन चिखलातून बांधापर्यंत. चीक मानेवरून पाठीत उतरायचा. आनंदराजच्या खांद्याला दहा वर्षांत घट्टा पडला होता, तिथली कातडी बोटानं दाबली तरी त्याला कळायची नाही. हल्ली मात्र तो घड ठेवून येताना मोबाईल काढायचा, बघायचा, आणि चिखलात उभा राहून एकटाच हसायचा. राजकन्येचा मेसेज असायचा. नागुबाई पानं गोळा करताना ते बघायची आणि दुसरीकडं तोंड करायची.

"उद्या तलाठणीकडं जाऊन या," ती केरबाला म्हणायची. "लखनचं काय खरं हाय?"

"गाडी हाय उद्या."

"परवा जावा मग."

परवा दुसरं काहीतरी असायचं. केरबाला जायला वेळ नव्हता हे खरं होतं, आणि जायचं मन नव्हतं हे त्याहून खरं होतं. तीन आठवडे असे गेले.

बैठक रविवारी होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी, दिवस मावळायच्या सुमाराला बुद्धप्रिया नांदेडच्या बसनं उतरून चालत आली. पाठीवर बॅग, चप्पल हातात. आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता तिनं मोबाईल बापापुढं धरला.

"बाबा, माझं नाव यादीत आलंय. फेलोशिपच्या."

"आलं?" केरबा उठून उभा राहिला.

"आलं. पण हे बघा. दाखला आजच मोबाईलवर आलाय, त्याच्यावर काय लिहिलंय. साडेनऊ लाख. मर्यादा आठची हाय. मंगळवारपर्यंत दुरुस्त दाखला न्हाई लावला तर माझं नाव काढतील आन् खालच्याला देतील." तिनं बॅग बाजेवर टाकली. "त्या नव्या मॅडमनं दुसऱ्या कुणाचा आकडा आपल्या नावावर टाकलाय. शिकलेली बाई, आन् असं काम. उद्या जाऊन विचारतेच मी तिला."

लखननं सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असलं तरी त्या बाईनं ऐकलं नव्हतं. तिनं त्याचं बोलणं खरं धरलं होतं. आजवर कुठल्याही सरकारी माणसानं केरबाचं बोलणं खरं धरलं नव्हतं, आणि धरलं तेव्हा हे झालं.

"तू नको," तो म्हणाला. "मी जातो. माझी वळख हाय."

"तुमची कसली ओळख?"

"लखन हाय ना. तू थकून आली. मी जातो."

शुक्रवारी तो सकाळीच सज्जावर, तलाठ्याच्या कचेरीत जाऊन बसला. सातबाऱ्याला आलेली पाच-सहा माणसं होती. गीतांजलीनं त्याला ओळखलं, फाईल काढली आणि सगळ्यांसमोर त्याची जबानी वाचून दाखवली. दोन एकर केळी, पिकअप, नऊ ते साडेनऊ लाख. बाकावरचा एकजण हसला. "केरबा, कव्हा रे एवढा मोठा झालास? मालकाला विचारलं का?" केरबानं टोपी काढून पुन्हा घातली.

"हे तुम्हीच सांगितलं ना, काका?" ती म्हणाली.

"हाव, मॅडम."

"मग खरं काय?"

केरबानं खालच्या आवाजात खरं सांगितलं. ती ऐकत राहिली. ओरडली नाही, ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"माझी चूक असती तर मी आत्ता बदललं असतं," ती म्हणाली. "पण ही तुमची जबानी आहे, पंचांसमोर दिलेली. ती खोटी होती असा दुरुस्तीचा जबाब द्या, आणि ज्यांनी ऐकली त्याच दोन पंचांच्या सह्या आणा. सोमवारी आणलं तर त्याच दिवशी तहसीलला पाठवते. मुलीचं नुकसान व्हायला नको."

तिनं स्वतःच्या हातानं कागद लिहून दिला. लखननं त्याच्याकडं न बघता सही केली. "म्या इसरलो, केरबा," एवढंच म्हणाला. दुसरी सही शेषेरावांची. कागदाच्या चार घड्या करून केरबानं बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

घरी येऊन तो पोरीला म्हणाला, "मॅडम सुट्टीवर हाय. सोमवारी या म्हणले."

हे दुसरं खोटं त्याला पहिल्यापेक्षा सोपं गेलं. त्याचीच त्याला लाज वाटली.

त्यानं मनात बेत केला होता. शेषेराव रविवारी येणारच आहेत. बैठक होऊ द्यायची, तारीख धरू द्यायची, जेवणं होऊ द्यायची. मग पाहुणे निघायच्या घाईत असताना कागद पुढं करायचा: 'मागच्याच कामाचा हाय, एक दस्तखत राहिलं.' पोराचं लग्नही राहील, पोरीची फेलोशिपही राहील. दोन्ही लेकरं सुटतील आणि कुणाला काही कळणार नाही. रात्री त्यानं हा बेत नागुबाईला सांगितला.

"त्यो माणूस वाचल्याबिगर सही करत न्हाई," नागुबाई म्हणाली. "मागच्या खेपेला बगितलं की तुमी."

"घाईत कोण वाचतंय?"

"पोरीला सांगून टाका. ती शिकलेली हाय, तिला काही तरी सुचंल."

"बैठक झाल्यावर सांगतो."

शनिवारी गाडी होती. बुद्धप्रियाही आईबरोबर पानं ओढायला आली. तिच्या संशोधनाचा विषयच केळीच्या रानात राबणाऱ्या बाया हा होता. हातात वही घेऊन ती बांधावर बसली आणि आईला विचारू लागली. "माय, दिवसातून किती खेपा होतात तुझ्या?"

"मोजायला वख्त कुठं हाय?"

"अंदाजे सांग की."

"लिव काही बी. तुला पाहिजे तेवढं लिव."

"असं न्हाई लिहीत, माय. तू सांगशील तेच लिहायचं असतंय."

केरबा कोयता घेऊन पलीकडच्या ओळीत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. थोड्या वेळानं ती त्याच्याकडं आली, त्याच्या हातातला कोयता बाजूला ठेवून त्याला पाणी दिलं. "बाबा, ही फेलोशिप मिळाली की पाच वर्षं तुमाला माझ्यासाठी काही करायचं न्हाई. तुमी लई केलं," ती म्हणाली. बंडीच्या आतला कागद घामानं ओला होऊन छातीला चिकटला होता. आता सांगावं, आत्ताच सांगावं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात बांधावरून आनंदराजचं हसू ऐकू आलं. तो मोबाईल कानाला लावून उभा होता. केरबानं पाण्याचा तांब्या परत दिला आणि कोयता उचलला.

रविवारी बाराच्या सुमाराला जीप आली. शेषेराव, त्यांचे दोन भाऊ आणि गावातली दोन वडीलधारी माणसं. जय भीम झाला, हातपाय धुणं झालं. भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, सगळ्यांनी त्रिसरण म्हटलं. मग बोलणं. शेषेरावांनी काही अडवून धरलं नाही. दिवाळीनंतरचा रविवार धरला, लग्न देवणीला, साधं, एका दिवसाचं. आनंदराज दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि त्याला हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं. पोरगं इतकं खूश केरबानं लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

पंगत बसली. मटणाचं कालवण, भाकरी, भात. नागुबाई चुलीपाशी, बुद्धप्रिया वाढायला. केरबा पाहुण्यांत बसला होता. बंडीच्या खिशातल्या कागदाशिवाय त्याला काही सुचत नव्हतं.

शेषेरावांनी वाढणाऱ्या पोरीकडं पाहिलं. "तू पीएच.डी. करून राहिली म्हणे?"

"हाव, काका."

"शाब्बास. तुझा दाखला आला का मग? त्याच्यावर माझं दस्तखत हाय बरं का." ते हसले, शेजारच्या माणसाला सांगू लागले. "त्या दिशी तलाठी मॅडम इथंच आल्त्या. आपल्या सोयऱ्यानं समदं सांगितलं, केळी किती, गाडी कुठली, साडेनऊ लाख म्हणले. आन् पंच म्हणून सही म्या केली. तव्हाच मनात पक्कं केलं, घर चांगलं हाय."

बुद्धप्रियाच्या हातातला कालवणाचा डाव तसाच राहिला. तिनं बापाकडं पाहिलं. केरबानं तिच्या नजरेला नजर दिली नाही, ताटातल्या भाकरीकडं बघत राहिला. तिला सगळं कळायला फार वेळ लागला नाही; हुशार पोरगी. मग तिनं दारातून आत येणाऱ्या भावाकडं पाहिलं. त्या दिवशीच्या जबानीचं आनंदराजला काही ठाऊक नव्हतं. तो आपला पाण्याची घागर उचलून येत होता.

बुद्धप्रियानं डाव शेषेरावांच्या ताटात रिकामा केला.

"हाव काका," ती म्हणाली. "आला दाखला. तुमची सही नीट दिसून राहिली त्याच्यावर."

आणि ती पुढच्या ताटाकडं गेली. एक थेंब बाहेर सांडला नाही. तिनं काय केलं हे केरबाला कळलं. तिनं मंगळवार सोडून दिला होता, भावाच्या लग्नासाठी, बापाच्या तोंडासाठी. एवढी वर्षं नांदेडला एक वेळ जेवून शिकलेली पोरगी एका वाक्यात सगळं सोडून कालवण वाढत पुढं चालली होती. आपण माणूस आहोत की कोण, असं त्याला झालं. ते त्याला सहन झालं नाही.

"शेषेराव," तो म्हणाला. "जरा थांबा."

पंगत थांबली.

"ती केळी माझी न्हाई. मालकाची हाय. मी तिथं मजुरीनं हाय. ठोका-बिका काही न्हाई. गाडी व्यापाऱ्याची हाय, पोरगा तिच्यावर डायवर हाय. त्या दिशी म्या जे सांगितलं ते तुमाला ऐकवायसाठी सांगितलं. त्याच्यापायी माझ्या पोरीची फेलोशिप चालली." त्यानं खिशातून कागद काढला. घामानं त्याची घडी मऊ झाली होती. "याच्यावर तुमचं दस्तखत पाहिजे. तेवढं द्या. माझ्या हातून लई वाईट झालं."

शेषेरावांनी ताटातच हात धुतला.

"पोरगा डायवर हाय म्हणले असते तर म्या पोरगी दिली नसती असं न्हाई," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी बी शिपाईच हाय. टेबलं पुसतो. पण तुमी मला खोट्या कागदावर सही करायला लावली. तीस वर्षांच्या नोकरीत म्या एक सही वाकडी केली न्हाई. आन् ह्ये पोरगं," त्यांनी आनंदराजकडं पाहिलं, "ह्ये माझ्या लेकीसंगं रोज बोलून राहिलं. यालाबी म्हाइत व्हतं गाडी कुणाची ते."

घागर आनंदराजच्या हातातच होती.

पाहुणे उठले. चपला घातल्या. निरोप घेतला नाही. केरबा कागद हातात धरून पंगतीच्या मधोमध उभा होता. त्यानं तो बुद्धप्रियापुढं केला, तिनं हात मागं घेतला. तेवढ्यात आनंदराजनं घागर खाली ठेवली, बापाच्या हातातला कागद ओढून घेतला आणि जीपकडं निघाला. जीप चिखलातून वळत होती. तो आधी चालत होता, मग पळायला लागला.

केरबाला दारातून दिसत होतं. जीप थांबली. आनंदराजनं खिडकीला एक हात धरला आणि वाकला. काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं. दोनदा त्यानं मान हलवली. एकदा मनगटानं डोळे पुसले, की घाम पुसला, कुणास ठाऊक. बऱ्याच वेळानं कागद खिडकीतून आत गेला, आणि त्याहून जास्त वेळानं बाहेर आला. शेषेरावांनी या खेपेलाही सगळा वाचला असणार.

आनंदराज परत आला आणि कागद बहिणीच्या हातात दिला.

"काय म्हणले?" केरबानं विचारलं.

"सही दिली."

"आन् लग्नाचं?"

"राजकन्येला फोन करू नको म्हणले." तो आत गेला, शर्ट बदलला, कामाचा घातला आणि केळीत निघून गेला. त्या दिवशी केळीत काही काम नव्हतं.

नागुबाई उष्टी ताटं गोळा करू लागली. बुद्धप्रिया कागद घेऊन बाजेवर बसली होती. रडत नव्हती.

"मी गप होते ना, बाबा," ती म्हणाली. "तुमाला कोण बोला म्हणलं व्हतं?"

"तुझी फेलोशिप चालली व्हती, माय."

"माझी व्हती. मी सोडून राहिले व्हते. भाऊला विचारलं का तुमी, बोलू का म्हणून? मला विचारलं? त्या दिशीबी कुणाला विचारलं न्हाई, आजबी न्हाई." ती थांबली. "आता मी ही कशी घेऊ, ते सांगा."

घेतली मात्र तिनं. न घेतली असती तर आनंदराजचं ते पळणं वाया गेलं असतं, आणि हे तिला आनंदराजनंच सांगितलं. सोमवारी त्यानंच तिला मोटारसायकलवर बसवून सज्जावर नेलं, तिथून तहसीलला. गीतांजलीनं शब्द पाळला. मंगळवारी दुपारी दाखला आला, तीन वाजता बुद्धप्रियानं तो भरला, आणि यादीतलं तिचं नाव राहिलं. संध्याकाळच्या बसनं ती नांदेडला गेली. जाताना आईच्या गळ्यात पडली, भावाच्या खांद्यावर हात ठेवला. बापाला म्हणाली, "तब्येत सांभाळा." त्यात राग नव्हता. केरबाला वाटलं, असता तर बरं झालं असतं.

बुधवारी पुन्हा गाडी होती. रात्रभर झड लागून गेली होती, रानात पाय काढता काढता दम लागत होता. केरबानं खोडाला काप दिला. आनंदराज खाली खांदा देऊन उभा राहिला. त्याचा मोबाईल घरी फळीवर होता. तीन दिवसांत त्यानं तो हातात धरला नव्हता. घड झुकत खाली आला, खांद्यावर टेकला. केरबानं दांडा तोडायला कोयता उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"आनंदा," तो म्हणाला. "माझं चुकलं रे."

आनंदराजनं ओझ्याखालून मान तिरपी करून बापाकडं पाहिलं. पाठीवरून चीक ओघळत होता. तो खरोखरच विचारत होता, टोमणा मारत नव्हता.

"कोणतं म्हणून राहिले, बाबा? त्या दिशीचं, का आयतवारचं?"

केरबानं सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा तो लेकरासाठीच बोलला होता. आनंदराजनं खांद्यावरचा घड सावरला.

"तोडा," तो म्हणाला. "खांदा भरून आला."

केरबानं दांडा तोडला.